तू बोल, मी ऐकते

सोमवार, ४ नोव्हेंबर

पोचले एकदाची. गाडीत शेजारी बसलेल्या बाईंनी उतरताना माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, वेळ कसा गेला कळलंसुद्धा नाही हो. म्हणजे मी रस्ताभर बोलत होते! लेक म्हणते, आईला प्रवासाला पाठवलं की मला आईची नाही, शेजारच्या सीटची काळजी वाटते. शाळेत मला टकळी म्हणायचे ते काही उगाच नाही.

फाटकाशी राघू उभी होती. मान एका बाजूला झुकवून, डोळे बारीक करून, प्रार्थनेच्या रांगेत उभी असायची अगदी तशी. केस पांढरे झालेत, पण मान तीच. राघू हे नाव मीच ठेवलेलं. कॉन्व्हेंटमधल्या एकूण एक सिस्टरची ती हुबेहूब नक्कल करायची. एकदा मदर सुपीरियरच्या आवाजात तिने अख्ख्या वर्गाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, आणि आम्ही वळून पाहतो तो खरी मदर दारात. शिक्षा मला झाली, कारण हसू मला आवरलं नाही.

आता तिचा आवाजच गेलाय. लेकीच्या फोनवर तिने तसं लिहून कळवलं होतं (माझा फोन बटणांचा, फक्त बोलायचा), पण प्रत्यक्ष ऐकलं ते आज. नुसती कुजबूज. वाळलेल्या पानांवरून कुणी चालल्यासारखी. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, टकळे, माझ्या वाटचंही आता तूच बोल. मी म्हटलं, त्याची चिंता नको गं, दोघींना पुरून उरेल एवढं आहे माझ्याकडे.

घर वस्तीपासून बरंच लांब, एकटंच. मला वरची खोली दिलीय, खिडकीतून फाटक दिसतं. यांची हत्यारांची पेटी मी सगळी वाट मांडीवर ठेवून आणली. हे गेल्यापासून उघडलीच नव्हती. आज उघडली तर डागकामाच्या राळेचा वास आला आणि क्षणभर वाटलं, हे शेजारच्या टेबलावर वाकून बसलेत आणि आता म्हणणार, जरा उजेड सोड.

संध्याकाळी बुटकीला फोन केला. बुटकी म्हणजे माझी नात. शाळेत नुकतीच जायला लागलीय, दाराची कडी अजून हाताला लागत नाही. रोज संध्याकाळी फोनवर तिला सर्दी झालेल्या हत्तीची गोष्ट सांगायची असा आमचा करार आहे. हत्ती रुमाल शोधत गावभर फिरतो आणि जिथे जातो तिथे शिंकून काहीतरी उडवून लावतो. आज शिंप्याचं दुकान उडवलं. शिंक बुटकीने द्यायची, मी नाही. मोठा श्वास घेऊन ती अशी काही शिंकते की माझ्या कानातला दडा सुटतो.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

आज खाली तळघरात गेलो. राघूच्या यजमानांचा स्टुडिओ; इथलं यंत्र दुरुस्त करायलाच तिने मला बोलावलंय. ते गेल्यापासून बंदच होता. जाड दार, मग अंधारी कंट्रोल रूम, मोठी काच, आणि काचेपलीकडे रेकॉर्डिंगचा हॉल. भिंती गादीसारख्या मऊ. आत आपला श्वाससुद्धा आपल्याच नाकाशी अडतो.

आणि ते कन्सोल! चादर काढली तेव्हा मी खरंच टाळी वाजवली. राखाडी पत्रा, कडेला शिसवी लाकूड, सोळा चॅनेल. सोळा माइकचे आवाज एकत्र आणून हवे तसे कमीजास्त करणारं यंत्र. प्रत्येक चॅनेलची एक उभी पट्टी, तिच्या तळाशी सरकता फेडर. तो वर केला की आवाज मोठा, खाली केला की बंद. वर दोन मीटर, ज्यांचे काटे आवाजाबरोबर उडी मारतात. मीटरच्या आत पिवळे दिवे. आमच्या वर्कशॉपात अशी यंत्रं मरायला टेकलेली यायची आणि आम्ही दोघं त्यांना बोलतं करून पाठवायचो. यांचे कान, माझे हात.

हॉलमधले दिवे लावले की काचेचा आरसा होतो. आत उभं राहिलं की कंट्रोल रूममधलं काही दिसत नाही, आपलंच तोंड दिसतं. राघू कुजबुजली, म्हणूनच यजमान तिला नेहमी हॉलमध्ये उभं करायचे. ती लाजायची, आरशासमोर बरं वाटायचं. ती जाहिरातींना आवाज द्यायची तेव्हा. साबणापासून सिमेंटपर्यंत सगळं तिने विकलंय.

कंट्रोल रूमच्या दाराची आतली मूठ निखळलीय. दार लागलं तर आतून उघडता येत नाही, म्हणून फटीत स्टूल अडकवून ठेवतो. मूठ बसवून टाकते म्हटलं, तर राघूने हात झटकला. आधी कन्सोल.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

एकेक चॅनेलचं कार्ड बाहेर काढून साफ करते आहे. कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे इवले डबे, फुगलेत, काहींतून तर चिकट पाणी गळलंय. फेडरमध्ये एवढी धूळ की सरकवला की वाळू चावल्यासारखा आवाज. ब्रश, स्पिरिट, नवा कपॅसिटर, मग कथलाचा डाग. डाग चकचकीत बसला की अजून तोच आनंद होतो, कॉन्व्हेंटमध्ये भरतकामाच्या तासाला उलट्या बाजूनेही टाका सरळ आला की व्हायचा तो.

कन्सोलला वीज देणारा पॉवर सप्लाय त्याच्या पोटातच बसवला होता. त्याने सतत घूं घूं. आज तो काढून हॉलच्या कोपऱ्यात नेला आणि लांब केबल ओढली. घुरघुर एकदम थांबली. राघूने माझ्या पाठीवर थाप मारली. आता कन्सोल चालूबंद करायचं बटण मात्र हॉलमध्ये गेलं. चालायचंच.

राघू स्वयंपाक करते, माझ्या कपबशीचा कान मोडलाय म्हणून आपली देते, माझे पाय चेपायला बसते. मी ओरडते, बाई गं, पाप लागेल मला. खरं तर डोळे भरून येतात. हे गेल्यावर इतकं कुणी जपलं नव्हतं.

रविवार, १० नोव्हेंबर

पहिला चॅनेल बोलला!

यांचा नियम होता: यंत्राची शिटी सोडून यंत्र तपासू नये, माणसाचा आवाज सोडावा. शिटी खोटं बोलते. तिच्यात प-फ-ब नसतात, ज्यांनी माइक फुत्कारतो. स-श नसतात, ज्यांनी कानाला चरे पडतात. म्हणून एकाने हॉलमध्ये माइकसमोर बोलायचं आणि दुसऱ्याने कन्सोलवर हेडफोन लावून ऐकायचं. आता राघूला आवाज नाही. तेव्हा मी आत आणि ती कन्सोलवर, हे ओघानेच आलं. तिला फेडर कुठवर चढवायचा, मीटरचा काटा कुठे थांबायला हवा, सगळं दाखवलं. तशी ती तयारच आहे.

काय बोलू म्हटलं, तर कुजबुजली, नातीला सांगतेस ती गोष्ट सांग. मजेने सांग. तू बोल, मी ऐकते.

मग मी आरशातल्या माझ्याकडे बघत हत्ती, शिंपी, फुगेवाला, सगळं सांगितलं. शिंक द्यायला कुणी नव्हतं तेवढंच. दारावरचा लाल दिवा लागला, म्हणजे पुरे अशी खूण. बाहेर आले तर राघूच्या गालांवरून पाणी वाहत होतं. हेडफोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरलेले. मी विचारलं, घरघर आहे का, तर नुसती मान हलवली. नाही. खूप स्वच्छ आहे, म्हणाली.

बुधवार, १३ नोव्हेंबर

आणखी काही चॅनेल झाले. यंत्र सुरेख वाजतंय.

माझा घसा मात्र बसलाय. दुखत नाही, खवखवत नाही, पण खालचे सूर लागेनात. सकाळी केस विंचरताना मी नेहमी गुणगुणते, तर आज नुसती हवा आली. राघूने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. म्हणाली, एवढ्या वर्षांची बडबड, घशाने रजा मागितली असेल.

हे ती मोठ्याने म्हणाली. कुजबुजून नाही! दोघींच्याही एकदमच लक्षात आलं. खोल, जाडसर आवाज, पण आवाज. मी तिला मिठीच मारली. म्हटलं, बघ, माझी संगत. डॉक्टर जे करू शकले नाहीत ते टकळीने केलं.

एक गंमत लिहून ठेवते. दुपारी माइकची वायर काढून ठेवली होती, फेडर खाली होते, तरी मीटरचा काटा हलत होता. हेडफोन लावला तर लांबून कुणी हसत होतं. ओळखीचं हसू. दुसऱ्या चॅनेलमधून गळती होते कधी कधी, तसंच असेल. पण दुसऱ्या चॅनेलमध्ये तरी कोण होतं?

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

आज हसताना आवाज येत नाही असं लक्षात आलं. राघूने सिस्टरची नक्कल केली, ती नाकात बोलणाऱ्या. मी हसून हसून पोट धरलं आणि खोलीत फक्त तिचंच बोलणं. माझं तोंड उघडं, खांदे हलताहेत आणि काही नाही. राघू थांबली. मग उठून खिडकी लावली.

माझा फोन सापडेना, म्हणून खालच्या जुन्या लँडलाइनवरून बुटकीला फोन केला. घशातून जेमतेम फुंकर निघत होती. ती म्हणाली, कोण बोलतंय? म्हटलं, अगं, आजी. ती म्हणाली, खोटं! आजीने आत्ताच गोष्ट सांगितली. हत्तीला रुमाल मिळाला आणि गोष्ट संपली.

गोष्ट संपली? मी ती कधीच संपवणार नव्हते.

फोन लेकीने घेतला. म्हणाली, कोण आहात, चुकीचा नंबर लागलाय. आणि ठेवला.

रविवार, १७ नोव्हेंबर

आज स्वयंपाकघरातून मी ऐकू आले.

दुसऱ्या कशा शब्दांत लिहू? मी जिन्यावर होते आणि आत मी बोलत होते. माझं ते अगं बाई, माझं वाक्याच्या मध्येच हसणं, हसून खोकणं. दारातून बघितलं तर राघू पाठमोरी, कानाला माझा फोन. लेकीशी बोलत होती. लेकीला विचारत होती, गुडघा कसा आहे. तो गुडघ्याचा विषय मी इथे आल्यावर गप्पांत काढला होता.

नक्कल नाही ती. शाळेतल्या नकला मला पाठ आहेत, त्यात कुठेतरी राघू असायचीच. यात ती नव्हती. नुसती मी.

तिने मला पाहिलं, फोन नीट आटोपला, जपून राहा गं म्हणाली लेकीला. मग खुर्ची पुढे केली. मी कुजबुजले, हे काय. आता कुजबुजायची पाळी माझी. ती माझ्याच आवाजात, माझ्याहून मायेने बोलली. म्हणाली की तिचाही आवाज असाच गेला. यजमानांना घशाचा आजार होता. ते कन्सोलवर बसायचे आणि ती आत, आरशासमोर. वर्षभर. तिला वाटायचं, काय प्रेमाने ऐकतात. शेवटच्या दिवसांत ते दवाखान्यात तिच्या आवाजात कण्हत होते, आणि ते गेले तेव्हा तो आवाजही त्यांच्याबरोबरच गेला. मग यंत्रही बंद पडलं. कुणाला दुरुस्त करता येईना.

म्हणजे हिला माहीत होतं. फाटकाशी मान झुकवून उभी होती तेव्हाही. पाय चेपत होती तेव्हाही.

शाळेत वक्तृत्वाच्या स्पर्धेच्या दिवशी माझा घसा बसला होता. राघूने माझं भाषण म्हटलं. माझ्या हातवाऱ्यांसकट. बक्षीस घेतलं आणि स्टेजवरून उतरून मला मिठी मारली. आजवर मी ती मिठी आठवून सुखावत आले.

सोमवार, १८ नोव्हेंबर

उठले तर कुजबूजही नाही.

एकाही फोनला ती हात लावू देत नाही. आता बोलायला ही वहीच. एप्रनच्या खिशात ठेवते आणि पानावर लिहून दाखवते. लिहिलं, माझा आवाज परत दे. तिने वाचलं, माझे केस मागे सारले आणि म्हणाली, शांत हो, टकळे. टकळे! माझ्या तोंडून मलाच.

सकाळी वीजमीटर बघणारा माणूस आला होता. मी धावले, त्याचा हात धरला, वही पुढे केली. कालचं पान उघडून दिलं. त्याने दोन ओळी वाचल्या तोवर राघू मागून आली. हसत म्हणाली, ही माझी मैत्रीण, बिचारीला बोलता येत नाही, पण भुतांच्या गोष्टी अशा लिहिते की झोप उडेल. किती छान, किती मोकळं म्हणाली. मीच म्हटलं असतं तसं. माझ्या त्या आवाजावर आजवर कुणी अविश्वास दाखवलेला नाही. तो म्हणाला, वा, मावशी, मस्त लिहिता, आणि वही परत दिली.

फाटकाचा आवाज ऐकत उभी राहिले. हात हलवले मी. तो पण हलवून गेला.

बुधवार, २० नोव्हेंबर

काल रस्त्यापर्यंत जायचं ठरवलं होतं. पिशवी भरली. पण आज ती म्हणाली की लेकीशी बोलणं झालंय. बुटकीला शाळेला सुट्टी आहे, तिला इथे पाठवायचं ठरलंय. आजीनेच आग्रह केला म्हणे.

मी तिच्या अंगावर धावून गेले. तिने माझी मनगटं धरली. कशाला आणतेस तिला, वहीत लिहिलं. इतकं दाबून की पान फाटलं.

ती खाली बसली, डोक्याला हात लावला. म्हणाली, तुझ्यासाठी गं. तू अशी तळमळतेस ते बघवत नाही मला. मग म्हणाली, बरं, नको. तिला नको आणूया. तुझं तुला परत देते. ज्या वाटेने आलं त्याच वाटेने जाईल. तू कन्सोलवर बस, मी आत जाते. पण राहिलेला शेवटचा चॅनेल दुरुस्त करायला हवा, बाकीच्या सगळ्यांतून माझ्याकडे आलंय, त्यांतून उलटं जायचं नाही.

हे खरं असेल का? यंत्राच्या दृष्टीने याला काही अर्थ नाही. पण आतापर्यंतच्या कशाला तरी आहे?

मी रस्त्यावर गेले आणि इकडे बुटकी आली तर? म्हणून थांबते आहे. ती रडली बोलताना. माझ्या आवाजात रडली. स्वतःचं रडणं ऐकून कुणाला दया येणार नाही?

गुरुवार, २१ नोव्हेंबर

कार्ड काढलं. दोन कपॅसिटर, एक तुटलेली तार. डाग नीट बसला. हात शाबूत आहेत.

चहा ढवळताना चमच्याचा किणकिणाट आला नाही. दुसऱ्यांदा ढवळला. मग कप फरशीवर टाकला. फुटला. काही ऐकू आलं नाही. राघूने पलीकडे भांडं ठेवलं त्याचा आवाज आला. म्हणजे कान ठीक आहेत. माझंच काही —

टाळी वाजवून पाहिली. पायऱ्या आपटत उतरले. घरात मी नाहीच, असं घर ऐकू येतं.

उद्या सकाळी परत देणार म्हणाली. शपथ घातली शाळेच्या चॅपेलची. तिथे आम्ही दोघींनी एक मेणबत्ती लावली होती, मैत्रिणी राहू म्हणून. हे तिला आठवतंय, म्हणजे अजून काहीतरी —

मी विश्वास ठेवते आहे. हे मुद्दाम लिहून ठेवते.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

सकाळी अंघोळीला गेले तेव्हा फाटकाशी गाडी थांबल्यासारखी वाटली. खाली माझा आवाज दाराआडून कुणालातरी म्हणत होता, हात कामात आहेत गं, तू उशीर करू नकोस, नीघ. धावत खिडकीशी आले तर रस्ता मोकळा. राघू म्हणाली, भाजीवाला होता.

भाजीवाल्याला कुणी तू उशीर करू नकोस म्हणतं का. पण मी खाली उतरलेच. कारण ती म्हणाली, चल, तयार आहे सगळं. मला माझा आवाज हवा होता. एवढंच होतं डोक्यात. बुटकीला हाक मारायची होती.

कंट्रोल रूममध्ये बसले. हेडफोन लावला. हॉल अंधारात. शेवटचा फेडर वर. ती आत जाते म्हणाली आणि जाताना स्टूल घेऊन गेली.

दार लागलं.

वरचा दिवा लावायला गेले. बल्ब काढलाय. मीटरच्या पिवळ्या उजेडात लिहिते आहे.

हॉलमधले दिवे लागले.

राघू एकटी नाही. स्टूल माइकसमोर ठेवलंय. त्यावर बुटकी. लाल स्वेटर, मी विणलेला.

ती काचेत बघून केस नीट करते आहे. मी इथे आहे, हातभर अंतरावर. तिला स्वतःचं तोंड दिसतंय.

काचेवर मुठी मारल्या. खुर्ची मारली. खुर्चीचा पाय मोडला. आवाज नाही — कशाचाच नाही —

राघूने माइकजवळ येऊन मला सांगितलं. माझ्याच आवाजात. की मी मुकी राहिले तर लिहीत राहीन, आणि कधीतरी कुणीतरी वाचेल. त्यापेक्षा मलाही एक आवाज मिळू दे. कोवळा आहे, पुष्कळ वर्षं टिकेल. मग आपण दोघी सारख्या, टकळे. मग तू कुणाला काही सांगणार नाहीस.

नको. नको. हेडफोन फेकला. स्पीकर चालू आहेत. वायर खेचली त्यांची. तरी येतंय.

सगळे फेडर खाली केले. काटा हलतोच आहे. आतून, पत्र्यातून —

बटण हॉलमध्ये आहे. मीच नेलं तिकडे. केबल भिंतीतून जाते, या टोकाला पक्की डागलेली. पेटीत कटर नाही. पक्कड नाही. तिने काढून —

कानात राळ कोंबली. बोटं कोंबली. मग लिहू कशी —

बुटकी म्हणते आहे, आजी कुठेय. राघू म्हणते, इथेच आहे ना, मी बोलतेय ना. डोळे मीट म्हणजे दिसेल. आता गोष्ट सांगू या. हत्ती आला, शिंप्याच्या दुकानाशी आला, आणि —

बुटकी डोळे मिटते आहे. श्वास घेते आहे. छाती फुगली —

मी तोंड दाबून धरलंय डाव्या हाताने. घट्ट. घशात काहीतरी —

तिचं तोंड उघडलं. तिकडे काहीच आवाज नाही.

शिंक माझ्या —